हुकूमशहा पळाला. त्याच्या कारकुनांचं काय करायचं?

नांगरट:

सीरियाचा बशर अल-असद ८ डिसेंबर २०२४ ला दमास्कसमधून मॉस्कोला पळाला. त्याच्या महालातून लोक खुर्च्या न् गालिचे उचलून नेतायत, हे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. मला मात्र तेव्हापासून भलतंच कुतूहल लागून राहिलंय. दुसऱ्या दिवशी पाण्याचे पंप कोणी चालू केले? महिनाअखेरीला शिक्षकांची पगारबिलं कोणी काढली? ज्यांनी आदल्या महिन्यात असदच्या फोटोखाली बसून काढली होती, त्यांनीच ना?

सीरियाचं अजून चालू आहे, म्हणून उदाहरणाला इराक घेतो. तिथला बराच हिशोब आता मांडून झालाय.

९ एप्रिल २००३ ला बगदाद पडलं. फिरदौस चौकातला सद्दामचा पुतळा पाडला तो हाच दिवस. त्याच्या आसपास सुरू झालेली लूट कित्येक दिवस चालली. राजधानीतल्या २३ मंत्रालयांपैकी १७ इमारतींची वाट लागली. सामान गेलंच, शिवाय तांब्यासाठी भिंतीतल्या वायरी ओढून काढल्या आणि दप्तरं जाळली. अमेरिकन रणगाडे तेल मंत्रालयापुढे उभे होते. राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रीय ग्रंथालय वाऱ्यावर. संग्रहालयातून सुमारे १५ हजार वस्तू गेल्या.

तरी इथवरचं सावरता आलं असतं. इमारत पुन्हा बांधता येते. खरा घाव पुढच्या महिन्यात बसला. १२ मे ला अमेरिकेने नेमलेला प्रशासक पॉल ब्रेमर बगदादला आला. १६ मे ला त्याचा पहिला हुकूम निघाला: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे सरकारी नोकरीतून कायमचे बाद. त्याशिवाय प्रत्येक मंत्रालय, विद्यापीठ, इस्पितळ यांतल्या वरच्या तीन फळ्यांत जो कोणी पक्षाचा पूर्ण सदस्य असेल तोही बाद, मग पक्षातली पायरी कुठलीही असो. २३ मे ला दुसरा हुकूम. सैन्य, संरक्षण मंत्रालय, गुप्तचर संस्था, सगळं विसर्जित. एका सहीत जवळपास चार लाख माणसं घरी, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी बंदूक.

ब्रेमरच्या आधी तिथे जे गार्नर हा निवृत्त जनरल होता. त्याचा बेत वेगळा होता. सैन्य ठेवायचं, पगार द्यायचा आणि त्यांच्याकडून रस्ते, पूल, ढिगारे उपसणं ही कामं करून घ्यायची. मार्चमध्ये वॉशिंग्टनने याला मान्यताही दिली होती. दोन महिन्यांत सगळं उलटं झालं.

आता बाथ पक्षात कोण होतं ते बघा. मुख्याध्यापक व्हायचं, परदेशी शिकायला जायचं, तर सदस्यत्व लागायचं. छळछावणी चालवणाराही सदस्य आणि भूमितीचा मास्तरही सदस्य. हुकमाने दोघांना एका ओळीत बसवलं. ब्रेमरच्या मते यात २० हजार माणसं जाणार होती. पुढचे अंदाज याहून बरेच वरचे आहेत, आणि त्यात शिक्षक हजारोंनी होते.

माझं म्हणणं सरळ आहे. माणूस कुठल्या पदावर होता हे बघून काढू नका, त्याने काय केलं ते बघून काढा. ते तपासायला वेळ लागणार असेल तर तोवर पगार चालू ठेवा. तुम्हाला काय वाटतं?

झुंजुमुंजु:

वाचतेय. ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ वगैरे म्हणणार नाही, पण पुढचा भाग लवकर टाका.

टपालवही:

विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून लॉगिन केलं. आयुष्य कोषागारात गेलं माझं.

कचेरीत अधिकार साहेबाकडे असतो, माहिती अव्वल कारकुनाकडे असते. कुठली फाईल कुठल्या कपाटात, कोणाचं सेवापुस्तक कुठे अडकलंय, कुठल्या ठेकेदाराची अनामत परत करायची राहिलीय, हे कुठेही लिहिलेलं नसतं. साहेब बदलला तर कचेरी चार दिवसांत रुळते. अव्वल कारकून गेला तर सहा महिने बोंब. आणि इराकमध्ये तर दप्तरही जळलं आणि ज्याच्या डोक्यात दप्तर होतं तोही घरी बसला. मग पेन्शन कोणाला किती, हे नव्या माणसाने ठरवायचं कशावरून?

एक विचारते. लोकांच्या रेशनचं काय झालं? तिथे निर्बंधांच्या काळात रेशन होतं ना?

नांगरट:

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हाच.

ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवरच्या हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले. पुढच्याच महिन्यात इराकने देशभर रेशन सुरू केलं. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, डाळी, दुधाची पावडर, साबणसुद्धा. वाटप मोहल्ल्यातल्या वाण्यांकडे. असे ४० हजारांहून जास्त दुकानदार नेमलेले होते. १९९७ पासून ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेचा माल याच दुकानांतून जायचा. युद्धाच्या तोंडावर देशातले साधारण ६० टक्के लोक प्रामुख्याने यावर जगत होते.

राजवट कोसळली, व्यापार मंत्रालयाच्या कचेऱ्या लुटल्या गेल्या, पण यादी शाबूत राहिली आणि वाणी जागचे हलले नाहीत. जागतिक अन्न कार्यक्रमाने धान्य आणलं आणि जूनमध्ये वाटप परत सुरू झालं. नोव्हेंबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची योजना संपली, तेव्हा मंत्रालयाने कारभार अंगावर घेतला. ब्रेमरच्या अर्थतज्ज्ञांना हे सगळं मोडून लोकांच्या हातात रोकड द्यायची होती. शेवटी हात लावायची हिंमत झाली नाही.

गंमत पुढे आहे. जानेवारी २००५ च्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारयादी कुठून आणायची? जनगणना करायला वेळ नाही, रस्त्यावर स्फोट होतायत. तेव्हा रेशनचीच यादी घेतली. नोंदणीचे कागद रेशनच्या वाण्यांमार्फत घरोघर गेले आणि लोकांनी आपली नावं तपासली. लोकशाहीची पहिली मतदारयादी सद्दामच्या व्यापार मंत्रालयाने बनवलेली होती.

टपालवही:

वा! शिधापत्रिकेवर अर्धा संसार चालतो, हे महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगायला नको.

कडुलिंब:

रसभंग करतो, माफ करा. हा धागा कारकुनांच्या खुर्चीत बसून लिहिलेला आहे. जरा समोरच्या बाकावर बसून बघू.

१६ मार्च १९८८, हलब्जा. सद्दामच्या विमानांनी विषारी वायू टाकला आणि सुमारे पाच हजार कुर्द मेले. त्याच वर्षीच्या, कुर्दांविरुद्धच्या अन्फाल मोहिमेत हजारो गावं जमीनदोस्त झाली. त्या मोहिमेच्याही याद्या होत्या. कोणत्या गावाचं रेशन तोडायचं, कोणाला ट्रकमध्ये घालायचं. त्या कोणी टाइप केल्या? तुमच्या अव्वल कारकुनाने. १९९१ मध्ये दक्षिणेतल्या शियांनी उठाव केला, तो याच सैन्याने चिरडला. सामूहिक कबरी २००३ नंतर उकरल्या गेल्या. ज्या बाईने मुलाची हाडं कवळीवरून ओळखली, तिला तुम्ही सांगणार की बाई, जरा दम धरा, कर्नलसाहेबांची चौकशी होईपर्यंत त्यांचा पगार चालू आहे?

शिवाय ‘ब्रेमरने सैन्य मोडलं’ हे अर्धसत्य आहे. २३ मे ला मोडायला सैन्य उरलं होतं कुठे? सक्तीने भरती केलेली शिया पोरं एप्रिलमध्येच गणवेश फेकून घरी गेली होती आणि बराकी दारं-खिडक्यांसकट लुटल्या गेल्या होत्या. ते सैन्य परत बोलावलं असतं तर वर सुन्नी अधिकारी परतले असते, खालचे शिया शिपाई आले नसते, आणि कुर्दांनी तर सरळ देश सोडण्याची भाषा केली असती. ब्रेमरचे लोक हाच युक्तिवाद करायचे. तो निव्वळ बचावाचा नव्हता.

आणि रेशनचं कौतुक करताना हेही लिहा की कार्ड हातात असल्यावर माणूस कुठे राहतो, घरात किती जण, सगळं सरकारच्या मुठीत. त्या यादीचा धाक होता.

माणूसघाणा_नाही:

+१ कडुलिंब. मध्यमवर्गाला नेहमी फायलींचीच काळजी.

नांगरट:

कडुलिंब, शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. सैन्य आपसूक विरघळलं होतं, हेही खरं. पण मग हुकूम काढायची गरज काय होती? विरघळलेल्या सैन्याला ‘तुम्ही आता कोणी नाही, पेन्शनही नाही’ असं लेखी कळवण्यातच घोटाळा झाला. कर्नल आणि त्यावरच्या प्रत्येकाला आपोआप पक्षाचा बडा सदस्य ठरवून पैसे नाकारले. जूनमध्ये हेच अधिकारी बगदादमध्ये मोर्चे काढत होते. १८ जूनच्या निदर्शनात अमेरिकन सैनिकांच्या गोळीबारात दोघे मेले. त्यानंतर पाचच दिवसांत भत्ता जाहीर झाला. म्हणजे पैसे होते! महिनाभर आधी दिले असते तर? पुढे ‘इस्लामिक स्टेट’ची रचना ज्याने उभी केली तो हाजी बक्र हा सद्दामच्या सैन्यातला माजी कर्नलच होता. सगळेच असे झाले नसते, पण कामावर असलेल्या माणसाला वेड लागायला वेळ कमी मिळतो.

खाडीपलीकडे:

मी विजेतला माणूस. बसऱ्याचा एक इराकी इंजिनियर बरीच वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होता, त्यामुळे थोडं फार ऐकून आहे.

१९९१ च्या युद्धात अमेरिकेने इराकची वीजकेंद्रं फोडून ठेवली होती. निर्बंधांमुळे सुटे भाग मिळायचे नाहीत. तरी तिथल्या इंजिनियरांनी एका टर्बाइनचे भाग काढून दुसऱ्याला लावत काही महिन्यांत बऱ्यापैकी वीज परत आणली. त्याचा इराकी लोकांना अजून अभिमान आहे. २००३ च्या बॉम्बहल्ल्यात वीजकेंद्रांचं त्यामानाने कमी नुकसान झालं, पैसा अब्जावधी डॉलर आला, आणि तरी वीज आली नाही. का?

लोक एका वाक्यात उत्तर देतात, ‘भ्रष्टाचार’. तोही आहेच, पण त्याआधी तीन गोष्टी घडल्या.

मुख्य म्हणजे सद्दाम बगदादला जवळजवळ चोवीस तास वीज द्यायचा, ती बाकीच्या प्रांतांच्या तोंडची काढून. माझा बसऱ्याचा मित्र म्हणायचा, आमच्या गॅसवर त्यांचे पंखे फिरायचे. अमेरिकनांनी वाटप समान केलं. न्याय्यच होतं. पण बगदादवाल्याच्या लेखी काय झालं? हुकूमशहा असताना वीज होती, स्वातंत्र्य आलं आणि वीज गेली. पत्रकार सगळे बगदादमध्ये. म्हणजे बातमीही तीच.

त्यात आयात शुल्क काढून टाकलं. निर्बंधांत तेरा वर्षं दाबून ठेवलेली हौस एका उन्हाळ्यात बाहेर आली. ट्रकच्या ट्रक एसी आणि फ्रीज आले. वीज जवळपास फुकट, मीटर कोणी वाचत नव्हतं. पुरवठा वाढला तरी मागणी त्याच्यापुढे पळत होती, आणि आजतागायत पळते आहे. शिवाय मनोरे पाडून तारांमधलं तांबं चोरणं, मुद्दाम घातपात, हे रोजचं.

यातून मोहल्ल्यामोहल्ल्यात खासगी जनरेटरवाले उभे राहिले. घरागणिक अँपियरच्या हिशेबाने महिन्याचे पैसे. कोणी तीन अँपियर घेतो, ऐपत असेल तो दहा. तारांची जाळी रस्त्यावर लोंबत असते. हा आता इतका मोठा धंदा आहे की सरकारी वीज सुधारू नये असं वाटणारे लोक त्यात आहेत. युद्धानंतर ‘तात्पुरतं’ म्हणून जे उभं राहतं, त्याला पाय फुटतात आणि मग ते उठत नाही. बसऱ्याच्या विहिरींवर गॅस जाळून टाकतात आणि वीजकेंद्रांसाठी इराणकडून विकत घेतात, हे मी त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा खोटं वाटलं होतं.

झुंजुमुंजु:

अँपियर विकत घेणे! हे ठाऊकच नव्हतं. आणि २०१८ ला बसऱ्यात जे आंदोलन पेटलं ते याच्यावरूनच का?

खाडीपलीकडे:

वीज, आणि त्याहून जास्त पाणी. शट्ट अल-अरब नदीचं पाणी इतकं खारट आणि घाण झालं होतं की हजारो लोक आजारी पडून इस्पितळात गेले. तेलावर तरंगणारं शहर आणि नळाला विष.

राजकारण_प्रेमी:

यावरून आठवलं, आपल्याकडेही गेल्या निवडणुकीत

टपालवही:

दादा, तो धागा शेजारी आहे. तिकडे बाराशे प्रतिसाद झालेत, तुमचीच वाट बघतायत.

पाटीपेन्सिल:

जर्मनीचा उल्लेख अजून कसा आला नाही? या प्रश्नाची सगळ्यात मोठी प्रयोगशाळा तीच. १९४५ साली नाझी पक्षाचे सदस्य सुमारे ८५ लाख. अमेरिकन क्षेत्रात सरकारी किंवा जबाबदारीच्या जागेवर असलेल्यांना आणि ती मागणाऱ्यांना १३१ प्रश्नांची प्रश्नावली भरायला लावली. कुठल्या संघटनेत होता, कधी, कुठलं पद, उत्पन्न किती. लाखो कागदांचे ढीग साठले. तपासणार कोण? शेवटी मार्च १९४६ मध्ये कायदा करून हे काम जर्मन न्यायमंडळांवर सोपवलं. दोषी पाच वर्गांत वाटायचे, मुख्य गुन्हेगारापासून निर्दोषापर्यंत.

झालं असं की सोपी प्रकरणं आधी निकाली निघाली. पोस्टमन, मास्तर, छोटे मासे. त्यांना दंड झाले, नोकऱ्या गेल्या. अवघड, मोठी प्रकरणं मागे ठेवली, आणि त्यांची पाळी येईपर्यंत शीतयुद्ध सुरू झालं. अमेरिकेला आता कम्युनिस्टांविरुद्ध जर्मनी हवा होता. बडे धेंड हलक्या शिक्षेवर सुटले. शेजाऱ्याने, पाद्र्याने दिलेले चांगल्या वर्तणुकीचे दाखले घाऊक भावात फिरत होते. धुण्याच्या पावडरीच्या नावावरून लोक त्यांची टर उडवायचे. १९५१ च्या कायद्याने काढलेल्या बहुतेक सरकारी नोकरांना परत घेतलं. न्युरेंबर्गच्या वंशकायद्यांवर भाष्य लिहिणारा हान्स ग्लोबके १९५३ ते १९६३ चॅन्सेलर आडेनावरचा उजवा हात होता.

म्हणजे नांगरट, तुमचं ‘पगार चालू ठेवा’ जर्मनीने केलं. देश उभा राहिला, जोमाने राहिला. पण साठच्या दशकात पोरांनी बापांना प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण बसलंय ते दिसलं.

कडुलिंब:

अगदी हेच. बिल नंतरच्या पिढीच्या नावाने फाडलं.

नांगरट:

पण फाडायला पुढची पिढी होती, शांततेत वाढलेली. इराकमध्ये फेब्रुवारी २००६ ला समाराच्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीत स्फोट झाला आणि त्यानंतर बगदादमध्ये रोज सकाळी रस्त्यावर प्रेतं सापडत होती. हा पर्यायही समोर ठेवून मग ग्लोबकेकडे बघा. मला तो आवडत नाहीच.

ओसरीवरचा:

दोन अवांतर गोष्टी, पण महाराष्ट्राशी नातं असलेल्या, म्हणून टाकतो.

एक. इराकच्या भूमीत आपली माणसं पुरलेली आहेत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात उतरलेली सहावी ‘पूना डिव्हिजन’. कूत इथे वेढ्यात उपाशी राहून तिने २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली. त्यात मराठा पलटणी होत्या. कैदेत नेताना वाळवंटात चालवलं, त्यात किती गेले याला गणती नाही. युद्धानंतर इंग्रजांनी तीन ऑटोमन प्रांत जोडून जो देश बनवला, तोच हा इराक.

दोन. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे सैन्याची अख्खी डिव्हिजन मागितली होती. दिल्लीत बराच खल झाला. १४ जुलैला वाजपेयी सरकारने नाही म्हटलं. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू. महिनाभरात, १९ ऑगस्टला, बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवरच ट्रकबॉम्बचा हल्ला झाला. प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो आणि इतर एकवीस जण गेले.

झुंजुमुंजु:

दुसऱ्या गोष्टीबद्दल थोडं आठवत होतं, पहिलीबद्दल शून्य. धन्यवाद.

टपालवही:

कोणी नोटांबद्दल लिहील का? राजा गेला की त्याच्या तोंडाच्या नोटांचं काय होतं?

पाटीपेन्सिल:

इराकमध्ये हा भाग चांगला पार पडला, त्यामुळे त्याच्यावर कोणी बोलत नाही. १९९१ नंतर कुर्द भागात जुन्या, चांगल्या छपाईच्या दिनारच्या नोटा चालायच्या, ‘स्विस दिनार’ म्हणून. बाकी इराकात सद्दामच्या तोंडाच्या, निकृष्ट कागदावरच्या, हव्या तेवढ्या छापलेल्या. कुर्द भागातल्या नोटांच्या मागे ना सरकार ना बँक, आणि तरी त्यांची किंमत टिकून राहिली, कारण नव्या छापताच येत नव्हत्या!

१५ ऑक्टोबर २००३ ते १५ जानेवारी २००४ या तीन महिन्यांत सगळ्या देशात नवी नोट आली. सद्दामचा दिनार एकास एक, स्विस दिनार एकाला दीडशे. इतक्या धामधुमीत विमानं भरून नोटा आल्या, बँकांच्या शाखांमधून वाटल्या गेल्या. आणि ताई, त्या वाटल्या कोणी ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याच जुन्या कॅशियर मंडळींनी.

ओसरीवरचा:

कंबोडियाचं उदाहरण घातलं तर चालेल? तिथे उलटा प्रकार. ठेवायचं की काढायचं हा प्रश्नच नव्हता, कारण कारकून जिवंतच नव्हते. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ ते ७९ मध्ये शिकलेली माणसं वेचून मारली, शहरं रिकामी केली, पैसाच रद्द केला, राष्ट्रीय बँक स्फोटाने उडवली. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी सैन्य नॉमपेन्हमध्ये शिरलं तेव्हा शहर ओसाड. वर्षभर तांदूळ हेच चलन होतं. रिएल हे तिथलं चलन परत आलं मार्च १९८० मध्ये. डॉक्टर, वकील बोटावर मोजण्याइतके. त्यामुळे ज्याला लिहिता-वाचता येतं तो मास्तर, असा कारभार. आणि नव्या सरकारात वर बसले ते हेंग सामरिन, हुन सेन, हे स्वतः ख्मेर रूजमधून फुटून गेलेले अधिकारी. हुन सेन पुढे तीन दशकांहून जास्त पंतप्रधान राहिला. आंग्कोर वाटची डागडुजी १९८६ पासून आपल्या पुरातत्त्व खात्याने केली, तेव्हाही तिकडे लढाई चालू होती.

नांगरट:

ओसरीवरचे, हे अवांतर नाहीच. शून्यातून सुरुवात म्हणजे काय ते कळतं.

इराकमध्ये पुढे काय झालं तेवढं सांगून टाकतो. बाथवाले काढायचं काम नोव्हेंबर २००३ मध्ये इराकी नेत्यांकडे दिलं. आयोगाचा प्रमुख अहमद चलबी, अनेक दशकं परदेशात राहून आलेला. त्याच्या हातात ती चाळणी म्हणजे विरोधक गाळायचं यंत्र झालं. जानेवारी २००८ ला नवा, जरा सौम्य कायदा आला. तरी मार्च २०१० च्या निवडणुकीच्या तोंडावर पाचशेहून जास्त उमेदवार बाथशी संबंधाच्या आरोपाखाली बाद केले. आणि रिकाम्या खुर्च्या? त्या पक्षांनी वाटून घेतल्या. हे मंत्रालय यांचं, ते त्यांचं. ज्याला खातं मिळालं त्याने आपल्या जातभाईंना भरलं. आज इराकच्या सरकारी पगारपत्रकावर चाळीस लाखांहून जास्त माणसं आहेत, २००३ च्या कित्येक पट. कारकून हटवून देश हलका करायला निघाले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तरुण पोरं रस्त्यावर उतरली ती या वाटणीविरुद्धच. पंतप्रधान अब्दुल महदीला जावं लागलं, वाटणी तशीच राहिली.

कडुलिंब:

बरं, मग सीरियाकडे या. तुमच्या सूत्राने तिथे काय दिसतं?

नांगरट:

मिश्र. डिसेंबरमध्येच नव्या राजवटीने जागोजागी केंद्रं उघडली. असदच्या सैनिकाने यायचं, बंदूक जमा करायची, तात्पुरतं ओळखपत्र घ्यायचं. हे इराकपेक्षा शहाणपणाचं. पण २९ जानेवारी २०२५ ला असदला हाकलणाऱ्या बंडखोरांचा नेता अहमद अल-शरा हंगामी राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच दिवशी सैन्य, सुरक्षा यंत्रणा, बाथ पक्ष सगळं विसर्जित. पोटापाण्याचं काही नाही. नागरी खात्यांमधल्या खूप जणांना तीन महिन्यांच्या सक्तीच्या रजेवर पाठवलं. पगारपत्रकावर लाखो नावं अशी होती जी कधी कामावर येतच नव्हती, हे खरं. पण ती कोणती आणि खरी कोणती, हे ठरवायला पुन्हा मस्टर सांभाळणारा माणूसच लागणार. मार्चमध्ये किनारपट्टीवर जुन्या राजवटीच्या हत्यारबंद लोकांनी सुरक्षा दलांवर हल्ले केले आणि त्याचा सूड असदच्याच पंथाच्या, अलवी गावांवर निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार सुमारे चौदाशे माणसं मेली, बहुतेक सामान्य नागरिक. काढून टाकलेल्या सैनिकांमुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. पण बेकार, घाबरलेल्या, हत्यारं माहीत असलेल्या माणसांचा साठा किनाऱ्यावर होता, हे कोणालाही दिसत होतं.

पैशाचं म्हणाल तर जागतिक बँकेने पुनर्बांधणीचा खर्च २१६ अब्ज डॉलर धरलाय. कतारने काही महिने पगाराला पैसे दिले ते फक्त नागरी कर्मचाऱ्यांसाठी, संरक्षण आणि गृह खातं वगळून. मला ही अट आवडली. शिक्षक आणि नर्स यांच्यापासून सुरुवात.

कडुलिंब:

आणि न्याय? १७ मे २०२५ ला संक्रमणकालीन न्यायासाठी आयोग नेमला, पण त्याच्या कक्षेत फक्त जुन्या राजवटीचे गुन्हे. किनाऱ्यावर ज्यांनी मारलं ते त्यात बसत नाहीत. इदलिबमध्ये शराच्याच संघटनेने ज्यांना कोठडीत घातलं तेही नाहीत. तुमचं ‘पद नको, कृत्य बघा’ हे सूत्र मी एका अटीवर मान्य करतो: जिंकलेल्यांची कृत्यंही बघा.

नांगरट:

अट मंजूर.

टपालवही:

दोघांचंही जमलं असेल तर माझं एक कारकुनी टुमणं. कृत्य बघायचं तर कागद लागतो. सीरियातला सैदनाया तुरुंग उघडला त्या रात्री आणि नंतर कित्येक दिवस लोक गुप्तचर कचेऱ्यांमध्ये शिरून आपल्या माणसाचं नाव शोधत होते. आईबापच ते, कोण अडवणार? पण नोंदवह्या पायाखाली तुडवल्या गेल्या, काही जळल्या, काही लोक घरी घेऊन गेले. एक लाखाहून जास्त माणसं बेपत्ता आहेत त्या देशात. पहिल्या दिवशी अन्न-पाण्याइतकंच तातडीचं काम म्हणजे त्या खोल्यांना सील आणि दारात पहारा, मग शोधणाऱ्यांसाठी बाहेर एक टेबल आणि नावं लिहून घेणारा माणूस.

इराकच्या बाथ पक्षाची लाखो पानं अशीच एका खासगी संस्थेने गोळा केली, ती अमेरिकेत गेली, स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेत वर्षानुवर्षं राहिली आणि २०२० ला परत आली. तोवर चलबीच्या आयोगाचं काम होऊन गेलं होतं. पूर्व जर्मनीत बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी स्टासीच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, कचेऱ्या ताब्यात घेतल्या, कागद फाडणं थांबवलं, आणि १९९१ च्या कायद्याने प्रत्येकाला स्वतःची फाईल वाचायचा हक्क दिला. कोणी चुगली केली ते नावासकट. कित्येकांना त्यात नवरा सापडला, मित्र सापडला. तरीही तिथे सूडाने खूनखराबा झाला नाही.

पाटीपेन्सिल:

ताई, तिथे मागे पश्चिम जर्मनीचा पैसा, पोलीस आणि न्यायालयं तयार उभी होती. दमास्कसमध्ये फाईल उघडून शेजाऱ्याचं नाव दाखवलं तर संध्याकाळपर्यंत तो शेजारी राहील का?

टपालवही:

म्हणून तर म्हणते, आधी सील. वाचायला कधी द्यायचं ते नंतर ठरवा, पाच वर्षांनी द्या. जळलेला कागद मात्र दहा वर्षांनीही देता येत नाही.